भाकरी : प्रतीक आणि प्रक्रिया
(उत्तर कोकणातील तांदळाच्या भाकरीच्या निमित्ताने)

मराठी समीक्षेत 'भाकरी' हा शब्द दिसला की पुढचे वाक्य बहुधा आधीच ठरलेले असते. भूक, दारिद्र्य, श्रमिकांचे जीवन, शोषण ही पदे ओळीने येतात आणि समीक्षक पुढच्या प्रतिमेकडे वळतो. या पदांत चूक काही नाही. मराठी कवितेने आणि आत्मकथनांनी ती स्वतः कमावलेली आहेत. परंतु एखादे प्रतीक स्थिरावले की त्यामागची वस्तू वाचण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि भाकरीच्या बाबतीत तर वस्तूइतकीच ती घडवणारी क्रियाही वाचनाबाहेर राहिली आहे. भाकरी खाल्ली जाते, मिळत नाही, हिसकावली जाते, वाटून घेतली जाते. ती थापली आणि भाजली जाते, ही गोष्ट आपल्या समीक्षेने गृहीत धरून सोडून दिली. ही सोडलेली गोष्ट हाती घेतली तर काही परिचित संहिता वेगळ्या दिसतात काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम रूढ वाचनाचे ऋण मान्य केले पाहिजे. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ मध्ये आला. त्यांच्या 'दोन दिवस' या कवितेत भाकरी आणि चंद्र एकमेकांजवळ येतात, आणि तोपर्यंत प्रीतिकाव्याच्या मालकीचा असलेला चंद्र कामगाराच्या पोटाशी बांधला जातो. या प्रतिमेची ताकद नि:संशय आहे. तरी तिची दिशा कोणती, हे पाहावे. चंद्र हा दुरून दिसणारा, पूर्ण झालेला, गोल पदार्थ आहे. त्याच्याशी साम्य असलेली भाकरीही पूर्ण झालेली, दुरून दिसणारी आणि हाती न येणारी आहे. ही भाकरी कोणी केली, हा प्रश्न त्या प्रतिमेत संभवतच नाही. चंद्र कोणी थापत नाही. दलित आत्मकथनांत, दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'पर्यंत (१९८०), भाकरी अधिक जवळून येते. ती शिळी असते, मागून आणलेली असते. परंतु तेथेही ती प्रामुख्याने घेणाऱ्या हाताकडून दिसते. ज्या घरात मागून आणावे लागते त्या घरातील चुलीचे वर्णन विस्ताराने कसे यावे, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. हा त्या लेखकांचा दोष नव्हे. त्यांच्या भाकरीवरून आपण साऱ्या मराठी भाकरीचा अर्थ ठरवला, हा आपला दोष आहे.

त्यातही आणखी एक संकोच झाला. मराठी वाङ्मयातील 'भाकरी' म्हणजे देशावरची, ज्वारीची नाहीतर बाजरीची. कोकणातल्या तांदळाच्या भाकरीला या प्रतीकात जागा मिळाली नाही. भात खाणारा प्रदेश म्हणून कोकणाची नोंद झाली आणि विषय संपला. पालघर, केळवे, सातपाटी, बोईसर, चिंचणी-तारापूर या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला ही वाटणी पटणार नाही. किनाऱ्यावर मासळीच्या कालवणाबरोबर तांदळाची भाकरी, आणि पूर्वेकडे डोंगराच्या बाजूला नाचणीची, ज्याला तिकडे नागली म्हणतात, त्या नागलीची भाकरी, हा या भागाचा नित्याचा आहार आहे. माझे बालपण याच तालुक्यात गेले, म्हणून पुढील तपशील ग्रंथांपेक्षा स्वयंपाकघरातून आलेले आहेत हे सांगून टाकतो.

तांदळाच्या पिठाला स्वतःची चिकाटी नसते. गव्हातील ज्या घटकामुळे कणीक ताणली जाते तो तांदळात नाही, ज्वारीत नाही, नाचणीतही नाही. ज्वारीचे ताजे पीठ तरी मळून मळून कसेबसे एकत्र येते; ते जुने झाले म्हणजे पिठाची विरी गेली असे देशावरच्या बायका म्हणतात. तांदळाचे पीठ थंड पाण्यात भिजवले तर थापताना कडेला चिरते. म्हणून आमच्याकडे उकड काढतात. पाणी मिठासह उकळायचे, त्यात पीठ लोटायचे, झाकण ठेवायचे, आणि मग ते हाताला सोसवेल त्याच्या किंचित आधीच परातीत घेऊन मळायचे. उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुगते व चिकट होते, आणि जी जोडणी धान्याने दिली नाही ती उष्णतेने मिळते. 'सोसवेल त्याच्या किंचित आधी' हे शब्द मी मुद्दाम योजले आहेत. उकड निवली की मळून उपयोग होत नाही. म्हणजे हाताला चटका बसणे हा येथे अपघात नसून कृतीचा भाग आहे.

मग गोळा, परातीत भुरभुरलेले पीठ, आणि थापणे. तळहाताने दाब देत, बोटांनी कड सांभाळत गोळा फिरत फिरत पसरतो. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. या पाण्याने वरचे कोरडे पीठ धुऊन बसते आणि पृष्ठभाग सलग होतो. पाणी पुरते आटण्याआधी भाकरी उलटावी लागते. उशीर झाला तर ती तडकते, घाई केली तर फाटते. दुसरी बाजू झाली की तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करतात किंवा थेट आरावर टाकतात, आणि आतली वाफ वरचा पापुद्रा उचलून धरते. भाकरी फुगली की नाही, यावर घरात कोणी काही बोलत नसे. न फुगलेली भाकरी मात्र माझी आई स्वतःच्या ताटात घ्यायची. हे मला फार उशिरा, समीक्षा वगैरे लिहू लागल्यानंतर लक्षात आले.

या क्रमाला लेव्ही-स्ट्रॉसच्या विचाराशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. 'कच्चे आणि शिजलेले' या १९६४ मधील ग्रंथाने पाकक्रिया ही भाषेसारखीच भेदांवर उभी असलेली व्यवस्था आहे, हे मांडले. पुढच्याच वर्षी त्याने पाकक्रियेचा त्रिकोण रेखला. त्यात भाजलेले आणि उकडलेले हे परस्परविरोधी आहेत. भाजताना अन्न अग्नीच्या थेट संपर्कात येते, म्हणून ते निसर्गाच्या बाजूचे. उकडताना भांडे आणि पाणी अशी दुहेरी मध्यस्थी होते, म्हणून ते संस्कृतीच्या बाजूचे. यातूनच भाजलेले अन्न बाहेरच्यांसाठी, समारंभासाठी, पुष्कळदा पुरुषांच्या हातचे, आणि उकडलेले घरातल्यांसाठी, बायकांच्या हातचे, अशी विभागणी त्याने दाखवली. आपल्याकडच्या काही अभ्यासकांनी हा त्रिकोण फार आदराने उचलला. आता त्यात उकडीची भाकरी ठेवा. ती प्रथम भांड्यात आणि पाण्यात आहे; मग धातूच्या तव्यावर, म्हणजे एका मध्यस्थीसह; आणि शेवटी निखाऱ्यावर, कोणत्याही मध्यस्थीविना. त्रिकोणाचा विरोध तिने पाच-सात मिनिटांत ओलांडला. तोही एकाच बाईने, एकाच चुलीवर, घरातल्यांसाठीच. लेव्ही-स्ट्रॉसचा विचार यामुळे कोसळतो असे मी म्हणत नाही. त्याचे भेद नसते तर ही हालचाल आपल्याला दिसलीच नसती. पण पदार्थ तयार झाल्यावर त्याला एका खणात टाकणारी दृष्टी आणि पदार्थ होत असताना त्याच्यामागे जाणारी दृष्टी यांत अंतर आहे, आणि आपल्या समीक्षेने पहिलीच स्वीकारली.

येथे ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजलेल्या मांड्यांची आख्यायिका आठवणे अपरिहार्य आहे. मांडा भाजायला उपडे खापर लागते. वाळीत टाकलेल्या या भावंडांना कुंभाराने खापर देऊ नये, अशी व्यवस्था विसोबा करतो, आणि मुक्ताबाई रिकाम्या हाताने परतते. मग ज्ञानदेव योगबलाने पाठ तापवतात आणि तिच्यावर मांडे भाजले जातात. परंपरेने हे ज्ञानदेवांच्या सामर्थ्याचे आख्यान म्हणून सांगितले. भिंत चालवणे, रेड्यामुखी वेद या मालिकेतले आणखी एक. क्रियेच्या बाजूने वाचले तर दोन गोष्टी पुढे येतात. बहिष्काराची नेमकी जागा खापर ही आहे. धान्य आहे, पीठ आहे, सरपण आहे. पण भाजण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती आहे, आणि ते न मिळाले की अन्न अन्न होत नाही. जातिव्यवस्थेतील परावलंबन इतक्या थोडक्या वस्तूंत क्वचितच कोठे सांगितले गेले असेल. दुसरे असे, की चमत्कार पाठीचा असला तरी मांडे केले ते मुक्ताबाईने. मांडा करणे हे भाकरीहून कितीतरी अवघड कसब. हातांवर पसरत पसरत तो पातळ करावा लागतो. तापलेल्या मानवी पाठीवर तो पसरणारी, उलटणारी मुलगी आख्यानात आहे, पण तिच्या कसबाला तेथे विशेषण नाही. विसोबाला उपरती होते ती पाठ पाहून. हात कोणी पाहिले नाहीत.

हात पाहिले ते बहिणाबाईंनी. संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारी त्यांची कविता शालेय पाठ्यपुस्तकांनी इतकी पाठ करून घेतली की तिच्यातील चटका हा सहनशीलतेचा उपदेश वाटू लागला. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये प्रकाशित झाली, त्यानंतर या कवितेकडे जे पाहिले गेले ते बहुधा तत्त्वज्ञान म्हणून: आधी दुःख, मग सुख. मला हे वाचन कवितेवर अन्याय करणारे वाटते. भाजणारीला चटका हा सुखाची किंमत म्हणून बसत नाही. तव्याचे तापमान, पाण्याचा हात, उलटण्याची वेळ हे सारे ज्या बोटांनी कळते त्याच बोटांना चटका बसतो. तो कळण्याचा मार्ग आहे. कवितेत चटका आणि भाकरी यांचा जो क्रम आहे तो नैतिक नसून तांत्रिक आहे, असे मी म्हणेन. या क्रमाला उपदेशाची झिलई दिली म्हणजे कवयित्रीच्या ज्ञानाचे रूपांतर तिच्या सोशिकतेत होते. बाईच्या लेखनाबाबत आपल्याकडे हे वारंवार घडते.

बहिणाबाईंच्या संग्रहात जात्यावरही कविता आहे, आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दळणाला मराठीत स्वतःचा वाङ्मयप्रकार आहे. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी त्या फार मोठ्या प्रमाणावर संकलित केल्या. पण भाकरी थापताना म्हणावयाच्या ओव्या, असा वेगळा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. पीठ होईपर्यंतची क्रिया गाण्यात आली आणि पिठाची भाकरी होण्याची क्रिया मुकी राहिली. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. दळण तासभर चालते, पहाटे चालते, पुष्कळदा दोघी मिळून करतात, खुंटा फिरतो तोवर डोळे आणि तोंड मोकळे असतात. भाकरीच्या वेळी तोंडाशी फुंकणी असते, डोळ्यांत धूर, आणि लक्ष एकाच वेळी परातीतल्या, तव्यावरच्या व निखाऱ्यावरच्या अशा तीन भाकऱ्यांवर. शिवाय ताटावर माणसे बसलेली असतात. थापण्याला लय आहे, पण ती लय शब्दांना फट ठेवत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी श्रम आणि गीत यांचे नाते सांगताना ज्या श्रमांना गीत सुटले नाही त्यांचाही विचार करायला हवा होता.

मुक्या क्रियेला भाषा मिळाली ती पाककृतीच्या पुस्तकात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण रुळवले आणि एकट्याने संसार मांडणाऱ्या दोन पिढ्यांना आधार दिला, हे तिचे कर्तृत्व लहान नाही. परंतु या वाङ्मयप्रकाराच्या व्याकरणाकडे आपण लक्ष दिलेले नाही. मराठी पाककृती विध्यर्थात लिहिली जाते: घ्यावे, मळावे, थापावे, भाजावे. या वाक्यांना कर्ता नसतो. कोणी मळावे, हे सांगावे लागत नाही, इतके ते ठरलेले आहे; कर्ता गाळण्याची सोय भाषेने दिली आणि समाजाने ती वापरली. पण याच पुस्तकी भाषेत एक जागा अशी येते जेथे प्रमाण हरते: 'लागेल तसे पाणी'. लागेल कोणाला, आणि किती, हे ज्या हाताला कळते तो हात त्या दोन शब्दांत गुपचूप परत येतो. माझ्या मते पाककृतीच्या गद्यातील हा सर्वांत बोलका शब्दसमूह आहे.

आता पुन्हा पालघरकडे. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेला हा स्वतंत्र जिल्हा वाङ्मयाच्या नकाशावर मुख्यतः एका पुस्तकामुळे आहे: गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). १९४५ पासून तलासरी-डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी वेठीविरुद्ध केलेल्या लढ्याची ही कहाणी. १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक तिला मिळाले. पुस्तकाचा भर वेठ, कर्ज, मारहाण आणि मजुरी यांवर आहे आणि तो तसाच असायला हवा होता. मात्र त्यातील अर्थव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर दोन भाकऱ्यांचा भेद लक्षात घेतला पाहिजे. सखल जमिनीतला भात खंड म्हणून जमीनदाराकडे जाई. वरकस जमिनीतली नागली पोटासाठी उरे, आणि तीही सरली की पावसाळ्यात खावटी काढावी लागे. पांढरी भाकरी आणि काळपट तांबूस भाकरी यांत रुचीचा नव्हे, जमिनीच्या मालकीचा फरक होता.

आणि तरीही तांदळाचे पीठ वारल्याच्या घरात होते. ते भिंतीवर होते. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर लिहितात. वारली तो लिहितात असेच म्हणतात. ज्या धान्याची देवता कणसरी, त्याच धान्याचा रंग, आणि तो लिहिणाऱ्या सवाष्णी. ज्या हातांनी भाकरी थापायची त्याच हातांनी, तेच पीठ पातळ करून, बांबूच्या काडीने चित्र. १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, त्याबरोबर ते विधीतून कलेत आले आणि पुष्कळ अंशी बायकांच्या हातून पुरुषांच्या हाती आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) या बदलाचे सर्वांत मोठे नाव. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. परंतु एकाच पिठाच्या दोन उपयोगांपैकी जो दिसतो आणि टिकतो त्याला कर्ता मिळाला, सही मिळाली; जो रोज सकाळी होतो आणि दुपारपर्यंत संपतो तो विध्यर्थातच राहिला. कलाकृतीची आपली व्याख्या टिकाऊपणावर किती अवलंबून आहे, हे यातून उघड होते. ज्या समीक्षेने 'रूप' या संकल्पनेवर एवढी चर्चा केली तिला गोल, सम जाडीचे, एका श्वासात फुगणारे हे रूप कधी उदाहरणापुरतेही सुचले नाही.

तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. देशभरातले कामगार आले आणि भाकरी या शब्दाला नवे शेजार मिळाले. गुजराती शेजारणीची 'भाखरी' गव्हाची, लाटलेली, खुसखुशीत. वसाहतीतल्या खोलीत एकीने दुसरीला भाकरी करायला शिकव म्हटले तर दोघींच्या मनात दोन वेगळे पदार्थ असतात, आणि हे कळायला परात समोर यावी लागते. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे सूत्र वर्गात शिकवताना मी अनेक वर्षे झाडाचे उदाहरण देत आलो. हे उदाहरण अधिक बरे होते.

यावर आक्षेप असा येईल की ही समीक्षा नव्हे, समाजशास्त्र आहे. कवितेत आलेली भाकरी ही शब्द आहे, तिला तवा आणि निखारे लावणे म्हणजे शब्दाबाहेर जाणे आहे. आक्षेप गंभीर आहे आणि रूपवादी समीक्षेकडून तो आला तर मी त्याचा आदर करीन. पण मग शब्दातच राहू. फिरवली नाही म्हणून भाकरी करपली, हे जुने कोडे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये शरद पवार यांनी पक्षातील बदलासाठी तोच दाखला दिला, तेव्हा वृत्तपत्रांनी आठवडाभर 'भाकरी फिरवणे' हा वाक्प्रचार चालवला. फिरवणारा नेता, फिरणारे पदाधिकारी, असे त्याचे अर्थ लावले गेले. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' हा दुसरा वाक्प्रचार. अर्थ फुकटचा, बिनमोबदल्याचा उपद्व्याप. दोन्हींत क्रियापद चुलीजवळचे आहे. पहिल्यात ते सत्तेचे कौशल्य झाले, कारण बोलणारा पुरुष आहे. दुसऱ्यात ते व्यर्थ श्रमाचे नाव झाले, कारण तेथे भाजणारी व्यक्ती जशी आहे तशीच राहिली. हे सारे शब्दांतच आहे. ते दिसण्यासाठी शब्दाबाहेर जावे लागत नाही, फक्त क्रियापदाशी थांबावे लागते. आणि आपण नामाशी थांबत आलो.

बोईसर स्थानकाबाहेर आता काही खानावळींवर 'तांदळाची भाकरी मिळेल' अशी पाटी असते. एकीत मी आत डोकावलो होतो. गॅसच्या दोन शेगड्या, एक बाई, तिन्ही जागी तीन भाकऱ्या, आणि पाण्याचा हात तसाच. भाव विचारला तर तिने मान न वळवता गल्ल्यावरच्या माणसाकडे बोट केले, कारण तव्यावरचे पाणी आटत आले होते.